ओला बेल्ट घसरतो का?

"बेल्टची सायकल पावसाचिखलात नको, बेल्ट घसरतो," असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. सायकलला चेनऐवजी लावलेला हा पट्टा गुळगुळीत नसतो; त्याचे दात दातेरी चक्राच्या खाचांत बसून ओढतात. मग नुसत्या पाण्याने तो घसरेल कसा? पॉलियुरेथेनच्या पट्ट्यात कार्बनचे तंतू असतात, त्यामुळे गंजायचाही प्रश्न नाही. तेल लागत नसल्याने चिखल चेनइतका चिकटून राहत नाही; असे बेल्ट बनवणाऱ्या गेट्स कंपनीच्या चक्रांना तर तो बाहेर पडावा म्हणून मोकळ्या फटीच ठेवलेल्या असतात. दात उडी मारतात ते बहुतेकदा ताण कमी असल्यामुळे. आधी तो तपासा. बारीक वाळू मात्र खरोखर त्रास देते: कुरकुर होते, झीज वाढते. तेव्हा साधं पाणी ओता, मऊ ब्रश फिरवा. तेल लावू नका.