नवजात बाळाचा सेप्सिस आणि आईचं दूध

सेप्सिस म्हणजे जंतू रक्तात शिरून सगळ्या अंगात पसरणारं इन्फेक्शन, आणि ते २८ दिवसांच्या आतल्या बाळाला झालं की नवजात सेप्सिस. पहिल्या ७२ तासांत झाला तर जंतू बहुतेक बाळंतपणातच आईकडून आलेले असतात, नंतरचा असेल तर न धुतलेले हात, नाळेवर लावलेली राख-तेल, सलाईनची सुई अशा वाटांनी. कमी दिवसाच्या, कमी वजनाच्या बाळाला धोका जास्त.

ताप येईलच असं नाही, उलट बरेचदा अंग गार पडतं. घरच्यांना आधी दिसतं ते हेच की काल चांगलं ओढणारं बाळ आज दूधच ओढत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, पण बाळ मधेच मलूल झालं, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला, छातीत खड्डे पडले तर त्यांची वाट बघत रात्र काढू नका, १०२ किंवा १०८ ला फोन करा.

जिल्ह्याच्या दवाखान्यात बाळाला एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात घेतात, आपल्याकडे म्हणतात "काचेत ठेवलंय". ब्लड कल्चर (रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, पण पोषण तेवढंच महत्त्वाचं कारण एवढ्याशा जिवाकडे साखर-चरबीचा साठाच नसतो आणि इन्फेक्शनशी लढताना शुगर पटकन उतरते. पोट फुगलं किंवा बीपी पडलं तर दूध थांबवून शिरेतून ग्लुकोज, अमिनो आम्लं, फॅट देतात. पण शिरेतली ती नळीच जंतूंची वाट होऊ शकते, म्हणून जमेल तितक्या लवकर दुधावर यायचं. सुरुवात किती, तर एक किलोच्या बाळाला दर दोन तासांनी एक-दीड मिली! सिस्टर सिरिंजचा दट्ट्या काढून ती वर धरतात आणि दूध आपोआप नाका-तोंडातून घातलेल्या वेगळ्या नळीतून हळूहळू पोटात उतरतं. त्या थेंबांनी आतड्याचं अस्तर टिकतं, आणि आतडं सडण्याचा आजार पावडरच्या दुधापेक्षा आईच्या दुधावर कमी होतो.

म्हणून पहिला पिवळा चीक फेकू नका, त्यात जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं असतात. मधाचं बोट, गुळाचं पाणी, घुटी काहीच नको. बाळ काचेत असलं तरी आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हात धुऊन उकळलेल्या वाटीत दूध पिळायचं नाहीतर पान्हा आटतो. मे महिन्यात जळगावला ४५ अंश असतं तेव्हा ते बाहेर ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये २४ तास चालतं. बाळ सावरलं की बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, मग अंगावर, आणि बाटली मात्र अजिबात नको.