गळक्या हृद्‌झडपेवरील शस्त्रक्रिया

हृदयाची झडप नीट मिटत नसली, की पुढे गेलेले रक्त काही अंशी मागे परतते. ही गळती थांबवण्यासाठी मूळ झडप दुरुस्त करणे किंवा ती बदलणे, असे दोन मार्ग शल्यचिकित्सेत आहेत. मुंबईतील रुग्णालयांत या विकाराला सर्रास ‘व्हॉल्व्ह लीक आहे’ असे म्हटले जाते. गळती बहुधा डावे अलिंद (हृदयाचा वरचा, रक्त घेणारा कप्पा) व डावे निलय (खालचा, रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) यांमधील द्विदली झडपेची किंवा महारोहिणीच्या (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीच्या) मुखावरील झडपेची असते. उजवीकडची त्रिदली झडप पुष्कळदा डावीकडील विकाराच्या परिणामी सैल होते, आणि डाव्या झडपेवरील शस्त्रक्रियेतच तिच्या घेराला आधाराचे कडे बसवून ती आवळून घेतात.

झडपेची पाळीच, म्हणजे उघडझाप करणारा पातळ पडदाच, फाटली किंवा आकसली असेल, तर ती औषधाने पूर्ववत होत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी धाप आणि सूज तेवढी उतरते. खरा अवघड प्रश्न शस्त्रक्रिया केव्हा करावी हा असतो. द्विदली झडप गळत असताना निलयाचे काही काम मागच्या, कमी दाबाच्या कप्प्यात रक्त ढकलण्याचे असते, म्हणून टू-डी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) त्याची ताकद प्रत्यक्षाहून चांगली दिसते. त्यामुळे तीव्र गळतीच्या रुग्णाला काहीही त्रास नसला, तरी निलयातून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण ६० टक्के किंवा त्याखाली आले, अथवा आकुंचनानंतरही निलयाचा व्यास ४० मिलिमीटर वा त्याहून अधिक राहिला, तर शस्त्रक्रिया सुचवली जाते. ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणून वर्षभर थांबलेला रुग्ण नंतर थकलेले हृदय घेऊन येतो, आणि मग झडप उत्तम बसूनही हवा तसा फायदा होत नाही.

दुरुस्ती शक्य असेल तर तीच श्रेयस्कर मानतात. छातीचे मधले हाड उघडून, किंवा निवडक रुग्णांत उजव्या कुशीतील लहान छेदातून, रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर (हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्रावर) घेतात आणि हृदय थांबवतात. पाळीचा लोंबता भाग कापून कडा जोडणे, पाळ्यांना धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम धागे लावणे आणि शेवटी झडपेच्या घेराला कडे शिवणे, हे तिचे मुख्य टप्पे होत. या तंत्राची पद्धतशीर मांडणी फ्रेंच शल्यचिकित्सक आलँ कार्पांतिए यांनी केली.

मात्र ही दुरुस्ती वार्धक्याने वा जन्मजात सैलपणाने बिघडलेल्या झडपेवर जितकी साधते, तितकी संधिवाती तापाने (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, सांधे व हृदयाला बाधणाऱ्या तापाने) खराब झालेल्या झडपेवर साधत नाही. लहानपणी घसा धरून आलेल्या तापानंतर ज्यांच्या पाळ्या जाड झाल्या, तंतू आखडून एकमेकांस चिकटले, असे तरुण रुग्ण परळ-भायखळ्याच्या सार्वजनिक रुग्णालयांत राज्यभरातून येतात. नातेवाईक हमखास विचारतात, ‘फुग्याने नाही का होणार?’ शिरेतून नेऊन झडपेत फुगवायचा हा फुगा अरुंद झडप रुंद करण्यासाठी असतो. झडप बरीच गळत असेल तर त्याने गळती वाढते. परळच्या केईएम रुग्णालयाचे नाव १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेथे केलेल्या देशातील पहिल्या हृदयप्रत्यारोपणाशी जोडलेले असले, तरी हृदयशल्यविभागांचे रोजचे काम झडपा आणि बायपास हेच असते. दोन झडपा एकदम बदलल्या, तर केसपेपरवर ‘डीव्हीआर’ (डबल व्हॉल्व्ह रिप्लेसमेंट) लिहिले जाते.

बदलायची झडप धातू-कार्बनची की प्राणिज ऊतीची, हे ठरवताना रुग्णाचे पुढील आयुष्यच विचारात घ्यावे लागते. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) वारंवार तपासावा लागतो. द्विदली झडपेच्या जागी यांत्रिक झडप असेल तर तो साधारण २.५ ते ३.५ यांदरम्यान ठेवतात. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो; म्हणून पालक, मेथी, अळू वर्ज्य नसतात, पण त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक बदलू नये. हीच गोळी गर्भाला अपाय करू शकते, म्हणून मूल हवे असलेल्या तरुणीच्या बाबतीत निर्णय फार नाजूक असतो. ऊतीची झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून बनते. काही रुग्णांच्या मनात येथे धर्माचा प्रश्न उभा राहतो आणि तो आधीच बोलून घेणे बरे. ऊतीची झडप बहुधा दहा-पंधरा वर्षे टिकते, तरुणांत त्याहून लवकर झिजते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेत विकसित झालेली, डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसवलेली यांत्रिक ‘चित्रा’ झडप आयात झडपांहून स्वस्त असल्याने अनेकांच्या आवाक्यात आली.

महारोहिणीची झडप गळत असल्यास बहुधा बदलच करतात. महारोहिणीचे मूळही फुगले असेल, तर झडपेसह ते बदलणारी बेंटॉल शस्त्रक्रिया (१९६८) किंवा रुग्णाची स्वतःची झडप राखणारी डेव्हिड शस्त्रक्रिया (१९९२) करतात.

छाती न उघडता मांडीच्या शिरेतून द्विदली झडपेच्या दोन पाळ्यांना मध्ये चिमटा लावण्याची पद्धत २००३ पासून वापरात आहे. तिचे मूळ इटालियन शल्यचिकित्सक ओत्तावियो अल्फिएरी यांच्या पाळ्या मधोमध शिवण्याच्या कल्पनेत आहे. वयोवृद्ध, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांना तिचा उपयोग होतो. मात्र चिमट्याची किंमतच लाखांच्या घरात असते. उघड्या शस्त्रक्रियेचा खर्च पात्र कुटुंबांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून भागतो.

कृत्रिम झडप बसल्यानंतर दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते, आणि संधिवाती विकाराच्या रुग्णाने दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन झडप बदलल्यावरही, डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचे असते.