कॅपवर ब्रॅकेट: फॉस्फरिक की हायड्रोफ्लोरिक?

दात सरळ करणाऱ्या तारेचा ब्रॅकेट दातावरच्या कॅपला चिकटवायचा तर आधी तिचा पृष्ठभाग तयार करावा लागतो, आणि त्यासाठी फॉस्फरिक वापरावं की हायड्रोफ्लोरिक, हा प्रश्न येतो. दोन्ही ॲसिडं जेलच्या रूपात, सारख्याच दिसणाऱ्या सिरिंजमध्ये येतात आणि दवाखान्यात दोघांनाही नुसतं ‘एचंट’ (पृष्ठभाग खरखरीत करणारं) म्हणतात. जेलचा रंग कंपनीगणिक बदलतो, म्हणून रंगावर न जाता लेबल वाचावं.

३७ टक्के फॉस्फरिक ॲसिड इनॅमलसाठी, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरासाठी. ते इनॅमलमधलं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज विरघळवतं. १५ ते ३० सेकंद ठेवून धुतलं, वाळवलं की दात खडूसारखा पांढरट दिसतो. पोर्सिलेनचा मुख्य भाग मात्र काच. तिच्यावर हे ॲसिड दोन मिनिटं ठेवलं तरी खाचा पडत नाहीत, कॅप फक्त स्वच्छ होते.

काच विरघळवतं ते हायड्रोफ्लोरिक. फेल्डस्पार पोर्सिलेनवर (जास्त काच असलेल्या नेहमीच्या पोर्सिलेनवर) ९.६ टक्क्यांचं जेल साधारण २ मिनिटं ठेवतात. लिथियम डायसिलिकेटच्या (जास्त मजबूत काच-सिरॅमिकच्या) कॅपला ५ टक्क्यांचं २० सेकंद पुरतं. जास्त वेळ ठेवल्याने पकड वाढत नाही, कॅप मात्र कमजोर होते. ॲसिडच्या आधी ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने दोन-चार सेकंद सँडब्लास्ट करून (बारीक कणांचा मारा करून) ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, काढावी. तीही ब्रॅकेटच्या बेसपुरतीच. बाहेर गेलेला खरखरीत पट्टा पुढे डाग धरतो.

सावधगिरी हायड्रोफ्लोरिकलाच सगळ्यात जास्त लागते. हिरडीवर थेंब पडला तर लगेच दुखेलच असं नाही. फ्लोराइड आत झिरपून ऊतीतलं कॅल्शियम बांधतं आणि वेदना नंतर सुरू होतात. म्हणून रबर डॅम (दाताभोवती ताणायचा रबराचा पडदा) किंवा हिरडीवर लाइट-क्युअर बॅरियर (प्रकाशाने घट्ट होणारा लेप), जोरदार सक्शन, पेशंटला आणि स्वतःला चष्मा, आणि २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवंच. मुदत संपताच पाण्याचा फवारा मारू नये, जेल तोंडभर उडतं. आधी कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावं, मग सक्शन लावून भरपूर धुवावं.

यानंतर सायलेन, म्हणजे पोर्सिलेन आणि चिकटवणारं रेझिन यांना जोडणारं द्रव. एका बाजूने ते काचेतल्या सिलिकाला धरतं, दुसऱ्या बाजूने रेझिनला. पातळ थर लावून मिनिटभर थांबावं, हवेने वाळवावं. बाटलीतलं द्रव गढूळ झालं असेल तर फेकून द्यावं. ‘ॲसिड तर बरोबर लावलं होतं, तरी ब्रॅकेट निघाला’ या तक्रारीत पुष्कळदा दोष सायलेनचा किंवा ते लावल्यावर लागलेल्या लाळेचा असतो.

मग फॉस्फरिक पोर्सिलेनवर अगदीच निरुपयोगी का? तसंही नाही. ब्रॅकेट शेवटी काढायचाच असतो; पकड फार घट्ट झाली तर काढताना पोर्सिलेनचा टवका उडतो. त्यामुळे जुन्या, दर्शनी पोर्सिलेन कॅपवर सँडब्लास्ट, फॉस्फरिकने सफाई आणि ताजं सायलेन हा मार्ग आम्हाला अनेकदा शहाणपणाचा वाटतो. दाढेवर, जिथे चावण्याचा जोर जास्त आणि टवक्याची चिंता कमी, तिथे हायड्रोफ्लोरिक.

कॅप झिर्कोनियाची (पांढऱ्या, फार कणखर सिरॅमिकची) असेल तर तिच्यात काचच नसल्याने हायड्रोफ्लोरिकची जोखीम तिथे फुकट जाते. सँडब्लास्ट करून एमडीपी (झिर्कोनियाला धरणारा फॉस्फेटयुक्त घटक) असलेला प्रायमर लावावा. मध्ये सफाईसाठी सवयीने फॉस्फरिक फिरवू नये, कारण त्यातलं फॉस्फेट झिर्कोनियावर चिकटून बसतं आणि एमडीपीला जागा उरत नाही. कॅप कशाची आहे हे नुसतं पाहून ओळखता येतंच असं नाही, तेव्हा ती ज्यांनी बसवली त्यांच्याकडून किंवा लॅबच्या कार्डावरून आधीच खात्री करून घ्यावी.