रेबेन्जुक, व्हिक्टर

रेबेन्जुक, व्हिक्टर : (जन्म १० फेब्रुवारी १९३३). रोमानियन रंगभूमी व चित्रपटांतील ज्येष्ठ अभिनेते आणि सार्वजनिक प्रश्नांवर परखडपणे बोलणारे नागरिक. जन्म बुखारेस्टचा. तेथील नाट्य-चित्रपट संस्थेतून १९५६ मध्ये बाहेर पडल्यावर ते क्रायोवाच्या राष्ट्रीय रंगमंदिरात गेले. लवकरच राजधानीत परतून बुलांद्रा रंगमंदिरात दाखल झाले आणि पुढची कित्येक दशके तिथलेच झाले. अभिनेत्री मारियाना मिहुत्स या त्यांच्या पत्नी.

पडद्यावर त्यांची ओळख पक्की झाली ती ‘पादुरेआ स्पिंझुरात्सिलोर’ (फाशी गेलेल्यांचे अरण्य, १९६५) या चित्रपटाने. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात असलेला, रेबेन्जुक यांनी साकारलेला रोमानियन अधिकारी अपोस्तोल बोलोगा सहकाऱ्याला फाशी सुनावणाऱ्या न्यायासनावर बसतो आणि अखेर स्वतःच त्या फासापर्यंत पोहोचतो. या चित्रपटासाठी दिग्दर्शक लिविउ चुलेइ यांना कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. ‘मोरोमेत्सी’ (१९८७) मधला इलिए मोरोमेते मात्र घराघरांत पोहोचला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेड्यातला हा शेतकरी कर व कर्जे टोलवत, खोचक बोलत, बघता बघता एकटा पडत जातो. अधिकाऱ्यांना शब्दांत गुंडाळणारा हा माणूस रोमानियाचा साम्यवादी हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीतल्या प्रेक्षकांना परका वाटणे शक्यच नव्हते. २०१८ च्या उत्तरभागात ही भूमिका दुसऱ्या नटाने केली, पण मोरोमेते म्हटले की आजही रेबेन्जुकच डोळ्यांपुढे येतात.

सेन्सॉरचा वरवंटा त्यांच्याही कामावरून फिरला. त्यांची भूमिका असलेला, दिग्दर्शक लुचियान पिंतिलिये यांचा ‘दे चे त्राग क्लोपोतेले, मितिका?’ हा चित्रपट १९८१ मध्ये तयार झाला, पण राजवट कोसळेपर्यंत डब्यातच राहिला.

डिसेंबर १९८९ च्या क्रांतीच्या धामधुमीत रेबेन्जुक दूरचित्रवाणीवर आले ते शौचालयातल्या कागदाची गुंडाळी घेऊन. कालपर्यंत चाउशेस्कूची स्तुती गाणाऱ्यांनी आज क्रांतीचा जयजयकार करण्याआधी आपली तोंडे पुसून घ्यावीत, असा त्यांचा रोख होता. भाषणांच्या त्या पुरात ही गुंडाळी लोकांच्या लक्षात राहिली, कारण कालचे भाट रातोरात क्रांतिकारक होताना सारे पाहत होते. काहींना हा प्रकार असभ्य वाटला असेल. नेमका मात्र तो होताच.

पुढे १९९० ते १९९६ या काळात ते बुखारेस्टच्या नाट्य-चित्रपट अकादमीचे रेक्टर होते. ऐंशी ओलांडल्यावरही राज्यकर्त्यांवर जाहीर टीका करणे त्यांनी सोडले नाही. १९९० च्या दशकातल्या देशाचे एक तिरकस चित्र ‘मेदालिया दे ओनोआरे’ या चित्रपटात दिसते. त्यात रेबेन्जुक यांनी रंगवलेल्या निवृत्त म्हाताऱ्याला चुकून युद्धपदक मिळते, आणि आपण नेमका कोणता पराक्रम केला हे तो आठवू लागतो.