पक्षिपर्यटन, परदेशी
परक्या देशातील पक्षी त्यांच्या नैसर्गिक अधिवासात पाहणे हाच मुख्य हेतू ठेवून केलेला प्रवास. इतर सहलीत जाता जाता झालेले पक्षिनिरीक्षण यात धरत नाहीत. मार्गदर्शकासह लहान गटाने फिरणे, भाड्याच्या गाडीने स्वतंत्रपणे हिंडणे आणि एकाच निवासात तळ ठोकून भोवतालचा परिसर पिंजून काढणे, हे त्याचे रूढ प्रकार होत.

उगम : याविषयी एकमत नाही. काही लेखक ही परंपरा एकोणिसाव्या शतकातील उत्तर युरोपच्या मोहिमांपर्यंत मागे नेतात. जॉन वॉली हे १८५३ पासून काही वर्षे लॅपलँडमध्ये राहून अंडी मिळवत होते. हेन्री सीबोम व जॉन हार्वी-ब्राउन १८७५ मध्ये रशियातील पेचोरा नदीच्या खोऱ्यात गेले. मात्र या प्रवासांचे फलित म्हणजे अंडी आणि पेंढा भरण्याजोगी कातडी. पक्ष्याची ओळख बंदुकीने पटवली जाई. पक्षी जिवंत सोडून केवळ नोंद घेऊन परतायचे, तर त्याला दुरून ओळखण्याचे साधन हवे. जर्मनीतील येना येथील झाइस कारखान्याने १८९४ पासून प्रिझमच्या दुर्बिणी विकायला काढल्या, पण परदेशात निव्वळ दुर्बीण पुरत नाही. समोरचा पक्षी कोणता, हे जागेवरच सांगणारे पुस्तकही लागते. ही उणीव युरोपापुरती १९५४ मध्ये भरून निघाली. त्या वर्षी पीटरसन, माउंटफर्ट व हॉलम यांची पक्ष्यांची सचित्र क्षेत्रपुस्तिका निघाली. यांपैकी गाय माउंटफर्ट यांनी १९५२ ते १९५७ या काळात स्पेनमधील कोतो दोन्याना येथे मोहिमा नेल्या. हेतू शास्त्रीय असला तरी ठरावीक मुदत, निवडक सोबती, रोजची यादी आणि शिकार नाही, असे त्यांचे स्वरूप आजच्या सहलींच्या बरेच जवळ जाते. पैसे भरून कोणालाही सामील होता येईल अशा सहली काढणाऱ्या संस्था मात्र सर्वसाधारणपणे १९६० नंतरच्याच. तेव्हा संग्राहकांना या परंपरेचे पूर्वज म्हणावे, आरंभकर्ते नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘ट्विचर’ ही संज्ञा पक्षिपर्यटकाला सरसकट लावली जाते, ते बरोबर नाही. भरकटून आलेल्या एखाद्या दुर्मिळ पक्ष्याची बातमी लागताच जो तिकडे धाव घेतो तो ट्विचर. हा शब्द ब्रिटनमध्ये बहुधा १९५० नंतरच्या दशकात रुळला. मोटारसायकलवरून दूरवर जाऊन थंडीने कुडकुडत उतरणाऱ्या हॉवर्ड मेडहर्स्ट यांच्यावरून तो पडला, अशी व्युत्पत्ती सांगतात. पक्षी पाहताना होणाऱ्या उत्तेजित थरथरीशी तो जोडणे हे मागाहून सुचलेले दिसते.

हंगाम : सहल फसण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे योग्य ठिकाण, पण चुकीचा महिना. नॉर्वेतील वारांगर फ्योर्डमध्ये स्टेलर्स आयडर ही बदके पाहायची तर मार्चचा सुमार साधावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांतील बहुतेक पूर्वेकडे निघून गेलेली असतात. जपानच्या होक्काइदो बेटावर राउसू येथे स्टेलर्स सी ईगल फेब्रुवारीत बघतात, कारण तेव्हा समुद्रावर वाहते हिमखंड येऊन टेकतात व गरुड त्यांवर बसतात. जॉर्जियातील बाटुमी येथे काळा समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून दर शरदात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. त्यातही युरोपीय मोहोळ घारींचा लोंढा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीस, तर स्टेप बझर्डचा त्यानंतर असतो. एकाच गावी महिनाभराच्या फरकाने गेलेले दोघे वेगवेगळे पक्षी पाहून येतात.

हवामानाचा हिशेब कधी उलटाही असतो. टेक्ससच्या किनाऱ्यावरील हाय आयलंड येथे एप्रिलमध्ये मेक्सिकोचे आखात ओलांडून येणारे वॉर्ब्लर, टॅनेजर इत्यादी पक्षी उतरतात. स्वच्छ ऊन आणि दक्षिणेचा वारा असला की ते किनाऱ्यावर न थांबता थेट आतल्या जंगलांकडे निघून जातात आणि पर्यटक रिकाम्या झाडांखाली उभे राहतात. पाऊस व उत्तरेचा वारा आडवा आला, तरच दमलेले पक्षी पहिल्याच झाडांवर कोसळल्यासारखे उतरतात. म्हणून अशा ठिकाणी दोन दिवसांऐवजी पाच-सहा दिवस हाती ठेवावेत.

प्रकाशिकी : ८×४२ ची (आठपट वर्धन व ४२ मिमी. व्यासाचे पुढील भिंग असलेली) दुर्बीण बहुतेक अधिवासांना पुरते. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ती येथे ५.२५ मिमी., तर १०×४२ मध्ये ४.२ मिमी. भरते. पहाटेच्या जंगलात बुबुळ विस्फारलेले असताना हा फरक जाणवतो. शिवाय दहापट वर्धनात हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दृश्यक्षेत्र आक्रसते, त्यामुळे पानोळ्यात हलणारा पक्षी सापडायला वेळ जातो. दलदल, खाडी किंवा समुद्रकिनारा असेल तर २० ते ६० पट वर्धनाचा स्कोप, म्हणजे तिकाटण्यावर ठेवून एका डोळ्याने पाहण्याची दुर्बीण, लागतो. दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या तापलेल्या हवेमुळे प्रतिमा लहरते. अशा वेळी वर्धन वाढवले की पक्षी मोठा दिसतो, स्पष्ट नव्हे.

उष्ण प्रदेशात वातानुकूलित खोलीत ठेवलेली दुर्बीण पहाटे बाहेर काढताच भिंगांवर दव धरते. काच थंडच असल्याने पुसून उपयोग होत नाही, आणि सकाळची सर्वांत मोलाची वीस मिनिटे वाया जातात. दुर्बीण वातानुकूलन नसलेल्या भागात ठेवावी किंवा निघण्याच्या अर्धा तास आधी पिशवीसह बाहेर आणावी. बर्फाच्या प्रदेशात हेच उलट्या दिशेने घडते. तेथे खोलीत शिरण्यापूर्वी ती पिशवीत बंद करून हळूहळू तापू द्यावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये बुटांच्या तळाला माती असल्यास ती तपासणीत अडकते, तेव्हा बूट धुऊन न्यावेत आणि तरीही जाहीर करावेत.

ध्वनी व आमिष : पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला पुढे आणणे (प्लेबॅक) हा वादाचा विषय आहे. नर त्याला घुसखोर समजून चारा-पिल्ले सोडून धावतो. एकाच जागी अनेक गट वाजवत राहिले की तो प्रतिसाद देणे बंद करतो. अनेक उद्यानांत यावर बंदी आहे. जेथे नाही तेथेही काही सेकंद वाजवून थांबावे, आणि पक्षी दिसताच बंद करावे. इक्वाडोरमधील मिंडोजवळ आंखेल पास या शेतकऱ्याने वेगळी वाट काढली. जायंट अँटपिट्टा हा अतिशय लाजाळू, जमिनीवर वावरणारा पक्षी त्याने गांडुळे देऊन माणसाळवला. हीच रीत पुढे अँडीजमध्ये इतरत्रही पसरली.

गणना : पहिल्यांदाच दिसलेल्या जातीला निरीक्षक ‘लाइफर’ म्हणतात. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमांनुसार पक्षी जिवंत, रानटी आणि मोकळा असावा. आवाजावरून निश्चित ओळखला तरी तो मोजता येतो, मात्र अनेकजण असे पक्षी यादीत वेगळे ठेवतात. आकडा कोणत्या वर्गीकरणावर बेतला आहे, हे न सांगता दोन याद्यांची तुलना करणे व्यर्थ होय. अनेक दशके परस्परांशी न जुळणाऱ्या जागतिक सूच्या प्रचलित होत्या. २०२५ मध्ये एकत्रित अशी ‘अॅव्हिलिस्ट’ निघाली, तिच्यात ११,१३१ जाती आहेत. एखाद्या जातीचे प्रदेशानुसार दोन जातींत विभाजन झाले की पूर्वी दोन्ही प्रदेशांतील उपजाती नोंदवून ठेवणाऱ्याला घरबसल्या एक जात मिळते. १९९९ मध्ये मादागास्कर येथे अपघातात निधन पावलेल्या अमेरिकन पक्षिनिरीक्षक फीबी स्नेट्सिंगर यांनी आयुष्यात पाहिलेल्या जातींचा ८,००० चा टप्पा प्रथम ओलांडला. पीटर केस्टनर यांनी २०२४ मध्ये १०,००० गाठल्या.

नोंदी : २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर बहुतेक पर्यटक आपल्या याद्या भरतात. दहा दिवसांची एकच बेरीज तेथे फारशी कामाची नसते. ठिकाण, सुरुवातीची वेळ, लागलेला काळ आणि चाललेले अंतर देऊन प्रत्येक फेरीची स्वतंत्र यादी करावी, आणि ओळखता आलेले सर्व पक्षी, अगदी चिमण्या-पारवेसुद्धा, संख्येसह लिहावेत. तस्करी वा उपद्रवाचा धोका असलेल्या जातींचे नेमके ठिकाण ही प्रणाली स्वतःहून झाकते. छायाचित्राखाली घरट्याची जागा लिहिली तर मात्र तो आडोसा उरत नाही.