सीमाभागातील कामाची जागा आणि आपलेपणाचा प्रश्न : पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातील कारखान्यांत आणि कचेऱ्यांत सहकाऱ्यांमध्ये आपलेपणा कसा रुजवायचा, हा विषय अलीकडे प्रशिक्षणवर्गांतून मांडला जातो आणि तो आताच उद्भवला आहे असा समज होतो. सीमाभागात त्याची सुरुवात निदान 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मागे जाते. त्या दिवशी राज्य पुनर्रचनेनुसार चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. कारखान्याचा मालक तोच राहिला, पाळ्या त्याच राहिल्या, शेजारच्या यंत्रावरचा माणूसही तोच राहिला. परंतु म्हैसूर राज्याच्या 1963 च्या राजभाषा कायद्यानंतर सरकारी दप्तर टप्प्याटप्प्याने कन्नडमध्ये जाऊ लागले आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला अर्ज, परिपत्रक, खात्याची परीक्षा या साऱ्यांसाठी दुसऱ्याचा आधार घेणे भाग पडले. काम येते पण कागद वाचता येत नाही, अशा अवस्थेत माणूस वर्षानुवर्षे नोकरी करूनही तेथे परकाच राहतो. सीमाभागातील दुराव्याचे मूळ मोर्चे आणि बंद यांच्यापेक्षा या रोजच्या अवस्थेत अधिक आहे, असे माझे मत आहे.

कायद्याने भाषेची दखल घेतली होती, पण ती अपुरी होती. 1946 च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याने सेवाशर्ती प्रवेशद्वाराजवळ इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावण्याचे बंधन मालकावर घातले. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 108 व्या कलमात कारखान्यातील सूचनांबाबत हाच नियम आला. सारे कामगार एका भाषेचे असतील तेथे एवढे पुरते. जेथे निम्म्याहून थोडे अधिक कन्नड आणि उरलेले मराठी किंवा उर्दू बोलणारे, तेथे उरलेल्यांचे काय, याचे उत्तर त्या कलमात नव्हते.

सरकारी नोकरीपुरता याचा विचार वेगळ्या वाटेने झाला. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने 350 ब हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. 1961 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरवले की, राज्यसेवेत भरती करताना राज्यभाषेचे ज्ञान ही अट नसावी. निवड झाल्यानंतर, परिवीक्षा (प्रोबेशन) काळ संपण्यापूर्वी त्या भाषेची परीक्षा घ्यावी. माणसाला आधी आत घ्यावे आणि मग शिकायला अवधी द्यावा, हा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो. मात्र त्याच्या अंमलबजावणीबद्दलची तक्रार सीमाभागात जुनी आहे, आणि खासगी कारखान्यांना तर हा ठराव लागूच नव्हता.

खासगी क्षेत्रात जे घडले ते बहुतांशी कामगारांनी स्वतः घडवले, आणि त्यात निपाणीचा उल्लेख आधी करायला हवा. तेथील तंबाखूच्या वखारींत बायका दिवसभर धुळीत बसून तंबाखू चाळत, निवडत. बिडी वळणाऱ्या बायका घरी बिड्या वळून आणत आणि त्यांतील कितीतरी बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात, त्यांची मजुरी मिळत नसे. 1966 चा बिडी व सिगार कामगार कायदा होता, पण तो वखारीत कोणी आणून दाखवला नव्हता. 1980 च्या सुमारास सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने या बायका चिकोडी तालुका कामगार महासंघात एकत्र आल्या. त्यांत निरनिराळ्या जातींच्या बायका होत्या, मुसलमान होत्या, देवदासी म्हणून सोडलेल्याही होत्या. शेजारी बसून वर्षे काढलेल्या, तरी एकमेकींच्या घरचा उंबरा न ओलांडलेल्या या बायकांना छाट आणि मजुरी या दोन गोष्टींनी एका सभेत आणले. समावेशकता हा शब्द तेव्हा तेथे कोणी उच्चारत नव्हते. पण सीमाभागात तिचा याहून भक्कम दाखला मला माहीत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रींत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांत, आपलेपणाची ही गरज वेगळ्या रूपात दिसते. भट्टीतला वितळलेल्या धातूचा रस लॅडलमध्ये (दांड्याच्या भांड्यात) घेऊन दोघे जण साच्याकडे निघाले की त्यांच्यात क्षणाचाही गैरसमज चालत नाही. ‘थांब’ म्हटलेले दुसऱ्याला कळले नाही तर पाय भाजतो. म्हणून खानापूरकडचा साचे करणारा मराठी मोल्डर आणि गोकाककडचा कन्नड मदतनीस एकमेकांची भाषा कामापुरती शिकले, आणि ‘अण्णा’ ही हाक दोघांचीही झाली. पण हा सलोखा भट्टीजवळचा होता. फोरमन कोणाला करायचे, हे ठरण्याची वेळ आली की भाषा, जात आणि गाव पुन्हा पुढे येत.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालानंतर आणि 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक झाली. त्या कायद्याच्या नवव्या कलमात, तक्रार लेखी देता येत नसेल तर ती लिहून देण्यास समितीने मदत करावी, असे म्हटले आहे. बहुसंख्यांना काय समजते या जुन्या मोजमापाच्या जागी समोरच्या एका बाईला काय अडते, हे येथे विचारात घेतले गेले, आणि म्हणूनच सीमाभागाच्या दृष्टीने हे कलम मला मोठे वाटते.

जुलै 2024 मध्ये कर्नाटक सरकारने खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय पदांपैकी 50 टक्के आणि इतर पदांपैकी 70 टक्के पदे स्थानिकांना देणारे विधेयक आणले व उद्योगांच्या विरोधानंतर ते थांबवले. ‘स्थानिक’ ठरण्यासाठी त्यात राज्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याबरोबर कन्नड लिहिता-वाचता येण्याची अट होती. शाळेत कन्नड शिकलेल्या आजच्या मराठी तरुणांना ती फारशी जड नाही. त्यांच्या वडिलांच्या पिढीतील अनेकांना, याच मातीत जन्मूनही, ती ओलांडता आली नसती. दरम्यान बिहार, ओडिशा आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगार त्याच भट्ट्यांवर उभे आहेत, आणि भिंतीवरची सुरक्षेची सूचना कन्नडमध्ये असो वा मराठीत, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती वाचता येत नाही.