सणासाठी राखलेला कागद

'घोटीव कागद' हा शब्द आपण सगळ्यांनी शाळेत वापरला आहे. एका बाजूने चकचकीत रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरा. दिवाळीची सुट्टी जवळ आली की कार्यानुभवाच्या तासाला गुरुजी सांगायचे, "उद्या घोटीव कागद, कात्री आणि डिंक घेऊन या." यंत्रावर तयार झालेल्या त्या कागदाला खरं तर कुणी घोटलेलं नसतं. शब्द आधीच्या काळातला आहे. कागद हाताने होत असे तेव्हा वाळलेल्या तावाला खळ लावायची, पुन्हा वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. तेव्हा कुठे बोरूची शाई न फुटता त्यावर उतरायची. पताका कातरणाऱ्या आमच्या हातात त्या कारागिरांचा शब्द तेवढा उरला होता.

आमच्या गावाकडे, म्हणजे यवतमाळ-वर्धेच्या पट्ट्यात, सणासुदीला कागदाच्या वस्तू करण्याची हौस कुठून आली हे शोधायचं तर आधी कागदच गावात कसा आला ते पाहावं लागतं.

कागदाचा शोध चीनमधला. इ.स. 105 च्या सुमारास त्साय लुन याने चिंध्या, झाडाची साल आणि जुनी जाळी कुटून कागद करण्याची रीत दरबारासमोर ठेवली, असं तिथला इतिहास सांगतो. आपल्या बाजूला कागद आला तो दौलताबादेत. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी तिकडे हलवली, आणि किल्ल्याजवळ कागद्यांची वस्ती झाली. त्या गावाचं नावच कागजीपुरा. पुढे जुन्नरही कागदासाठी प्रसिद्ध झालं. मराठी दफ्तरांतून दौलताबादी आणि जुन्नरी कागदाची नावं येतात. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात मात्र हा कागद नव्हता. तो पटवाऱ्याच्या बस्त्यात, सावकाराच्या वहीत आणि पोथीत. लिहिणाऱ्याच्या घरची ती वस्तू होती, सजावटीला कोण वापरणार?

म्हणून गावचा सण सजायचा तो रानातून. दाराला आंब्याचे टाळ, पोळ्याला पळसाच्या फांद्या, जेवायला पळसाच्याच पत्रावळी. भुलाबाईचं मखर ज्वारीच्या धांड्यांचं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई-भुलोजी घराघरांत बसतात, संध्याकाळी मुली गाणी म्हणत फिरतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखतात. आता मखराला कागदी झालर असतेच. पण धांड्यांची चौकट आजही तीच, हे मला फार मोलाचं वाटतं. नवा कागद आला तो जुन्या चौकटीवर येऊन चिकटला.

सणाचा कागद गावात शिरला तो माणसांच्या आधी बहुधा बैलांसाठी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकले जातात. सकाळी आंघोळ, शिंगांना रंग, रंगावर बेगडाच्या पट्ट्या, कपाळाला मठाठी, डोक्यावर बाशिंग. बेगड म्हणजे चमकणारा पातळ पत्रा किंवा त्याचा मुलामा दिलेला कागद, जिनगरांच्या हातातली चीज. लग्नाचं बाशिंग, बैलाचं बाशिंग आणि मोहरमचा ताजिया या तिन्हींत तो सारखाच वापरला जाई. ताजियात बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद आणि बेगडाची जाळी कातरलेली असते. गावोगावी ते काम पाहायला सगळ्या घरांतली पोरं जमत. जाळीची कातर कशी धरायची हे आमच्याकडच्या कितीतरी जणांनी तिथेच उभं राहून शिकून घेतलं. हे कुठल्या दफ्तरात नोंदलेलं नाही, पण गावात कुणालाही विचारा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन पोरं निघतात, बैलामागे कागदाचं मखर, कागदाची फुलं. नागपुरात याच दिवशी मारबती, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या बाहुल्या, निघतात. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून, अशी परंपरा तिथे सांगतात. सोबतचे बडगे म्हणजे बांबूचा सांगाडा आणि त्यावर कागद. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत ते गावाबाहेर नेऊन जाळायचे. एवढ्या मेहनतीने केलेली कागदाची वस्तू एका दिवसात संपवायची, ही रीत सणाच्या कागदाला पहिल्यापासून लागू आहे. पताका, कंदील, झालर, काही टिकवायला केलेलं नसतं.

आता शुभेच्छांकडे येऊ. त्यांचा इतिहास टपालाशी बांधलेला आहे. इंग्लंडात 1840 मध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि तीनच वर्षांत, 1843 मध्ये, हेन्री कोल याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं छापील कार्ड करून घेतलं. टपाल स्वस्त झालं की माणूस कामाशिवायही लिहू लागतो, तिकडे आणि इकडेही. आपल्याकडे 1854 मध्ये अर्ध्या आण्यात पत्र देशात कुठेही जाऊ लागलं. त्याच सुमारास वऱ्हाड आणि नागपूर दोन्ही इंग्रजांच्या हाती गेले होते. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. आणि 1 जुलै 1879 पासून पोस्टकार्ड मिळू लागलं, किंमत पाव आणा.

विदर्भातल्या खेड्याची पहिली 'शुभेच्छा' हे पोस्टकार्ड. छापील चित्राचं कार्ड कुठलं मिळायला? पण सजावट होती. मंगल पत्राच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावायची. पत्र हातात पडलं की आधी कोपरे बघायचे. हळदकुंकू असलं म्हणजे जीव भांड्यात पडायचा, कोपरा फाडलेला असला म्हणजे न वाचताच रडारड सुरू. वाचता न येणाऱ्या बाईलाही हे पत्र वाचता येई. भेटकार्ड या वस्तूच्या आधी भेटकार्डाचं काम करणारी ही खूण मला सगळ्यांत सुंदर वाटते.

मग पाकिटं आली. दसऱ्याला पाकिटात आपट्याचं पान, संक्रांतीला घडी केलेल्या कागदावर 'तिळगूळ घ्या, गोड बोला' आणि आत हलव्याचे चार दाणे. तारेने शुभेच्छा धाडायच्या तर तारखात्याची क्रमांक दिलेली ठरावीक वाक्यं असत, नुसता क्रमांक सांगितला की झालं. त्या तारा आता नाहीत, 2013 च्या जुलैत ती सेवाच थांबली. हलव्याचं पाकीट मात्र कुणीही आजही टाकू शकतं.

या सगळ्यात वर्ध्याचा भाग वेगळा सांगायला हवा, आणि तो आम्हीच कमी सांगतो याचं मला वाईट वाटतं. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या आठवणीत मगनवाडी हे नाव पडलं. श्रीकृष्णदास जाजू संघाचे अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस. तेलघाणी, गूळ, मधमाशा यांच्याबरोबर त्यांनी हातकागदालाही हात घातला. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय उघडलं. पुण्यात 1940 मध्ये हातकागदाची संस्था उभी राहिली, त्यामागेही हाच विचार आणि के. बी. जोशी यांचे प्रयोग होते. पुढे जयपूरजवळ सांगानेरला झालेल्या हातकागदाच्या राष्ट्रीय संस्थेला कुमारप्पांचं नाव दिलं गेलं.

हातकागदाला झाड तोडावं लागत नाही. सुती चिंध्या, शिंप्याकडची कातरण, रद्दी, अंबाडीसारखा वाख, काहीही चालतं, आणि कापसाच्या मुलखात सुती चिंध्यांना काय तोटा! बारीक तुकडे करायचे, चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, धुवायचे, कुटून लगदा करायचा. लगदा पाण्याच्या हौदात ढवळायचा आणि बारीक जाळीची चौकट त्यात आडवी बुडवून अलगद उचलायची. पाणी गळून जातं, जाळीवर धाग्यांचा पातळ थर राहतो. तो कापडावर उलटा घालायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचं. मग खळ, मग घोटणं. एकदा मी ही चौकट उचलून बघितली. पहिले तीन ताव एका बाजूला जाड, एका बाजूला विरळ निघाले. हात समतोल लागतो, आणि उचलताना एक हलका हिसका द्यावा लागतो, त्याने धागे एकमेकांत गुंततात. त्या तावाची कड कातरलेली नसते, ती झिरझिरीत राहते. आता शहरातल्या दुकानांत मुद्दाम तशा कडेची महाग भेटकार्डं मिळतात. त्या कडेची रीत मगनवाडीत गरिबाचं पोट भरावं म्हणून शिकवली जात होती.

कागद राखून वापरणंही त्याच माणसांनी दाखवलं. गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत. 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात वल्लभभाई पटेल वाया गेलेल्या कागदांची पाकिटं करत बसत, महादेवभाई देसाईंच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. माझ्या आजीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिची पेटी मात्र तशीच होती. वरच्या कप्प्यात जुन्या लग्नपत्रिका, साडीच्या घडीत येणारे पुठ्ठे, अगरबत्तीच्या पुड्यातली चांदी, जुन्या कॅलेंडरची पानं. काही टाकायला गेलं की हाक यायची, "कागद फेकू नोको वो, सणाले कामी येते." आणि यायचाच. लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती कातरून भेटकार्डावर, मागची कोरी बाजू मजकुराला. हळदीकुंकवाला आलेल्या बायांना फुटाणे द्यायचे ते कॅलेंडरच्या पानाच्या पुड्यांत.

तोवर गिरणीचा कागद स्वस्त झाला होता. त्यातही आमचा जिव्हाळ्याचा भाग आहे. बल्लारपूरची पेपर मिल 1945 मधली, आणि तिला लागणारा बांबू चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला. कंदिलाच्या कामट्याही त्याच बांबूच्या. एकाच रानातून चौकटही आली आणि कागदही. पण बांबूवर हक्क कुणाचा, हा प्रश्न बुरडाला आणि आदिवासी गावाला फार वर्षं छळत राहिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2011 मध्ये स्वतःचा बांबू विकायची आणि वाहतुकीचा परवाना द्यायची मुभा मिळाली, तेव्हा कुठे त्याला पहिलं ठोस उत्तर मिळालं. कंदील बांधताना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

कंदिलाचं मूळ जुनं आहे. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा टांगायची चाल धर्मग्रंथांतही येते. कागदाचा कंदील त्याचा धाकटा भाऊ. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने शिक्षणात कामाचा अनुभव असावा अशी शिफारस केली आणि त्यातून शाळेत कार्यानुभव हा विषय आला. खेड्यातल्या घरोघरी पोरांच्या हातचा कंदील लागला त्यात या तासाचा वाटा मोठा. जंगलालगतच्या गावांत धावड्याचा डिंक, नाहीतर बाभळीचा. तोही नसला तर कणकेची खळ, कुणी तिला लई म्हणे. खळीत चिमूटभर मोरचूद टाकलं की किडे लागत नाहीत, पण मग ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही, हा आजीचा कडक नियम.

पताकांचा सगळ्यांत मोठा दिवस आता आमच्याकडे 14 एप्रिल. 1956 मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, आणि विदर्भाच्या गावागावांत आंबेडकर जयंतीला निळ्या आणि पंचरंगी पताकांच्या रांगा लागू लागल्या. आदल्या रात्री विहाराच्या ओसरीवर सतरंजी पसरलेली, मधे खळीचं पातेलं. लहान पोरं सुतळी ताणून धरतात, मोठ्या मुली ताव दुमडून एका कातरीत आठ-आठ त्रिकोण काढतात, बाया चिकटवतात. विकतच्या प्लॅस्टिकच्या पताका आल्यावर ही बैठक काही गावांत बंद पडली. मार्च 2018 मध्ये राज्याने प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी घातली, सजावटीचं थर्माकोलही त्यात आलं. महालक्ष्म्यांची मखरं त्यानंतर पुन्हा पुठ्ठ्याची दिसू लागली. बंदीने का होईना, कात्र्या बाहेर निघाल्या.

भेटकार्डाला मोबाइलने मागे सारलं, यात नवल नाही. तरी गेल्या संक्रांतीला माझ्या भाचीने आजीच्या पेटीतल्या पत्रिकांची अकरा कार्डं केली आणि टपालात टाकली. त्यातली दोन पाकिटं पोचली ती आतल्या तिळगुळाचा भुगा होऊन, कार्डावर तेलाचा डाग घेऊन. तिकिटावर शिक्का बसतो तेव्हा खालचं सगळं चेचलं जातं. आजी असती तर तिने आधीच सांगितलं असतं: तिळाचा लाडू नाही, काटेरी हलवाच घालायचा, तोही मेणकागदाच्या पुडीत, आणि पुडी तिकिटाच्या समोरच्या, खालच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवायची.